निगेटिव्ह रिपोर्ट आणि माझं नाक

“रिपोर्ट निगेटिव्ह आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचं पुढचं वाक्य मी ऐकलंच नाही.

ते वाक्य असं होतं, की सीटी स्कॅनची गरज नाही, पण कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, असू शकतो. पुढच्या काही दिवसांत काहीही वेगळं वाटलं तर परत या. हे मला बऱ्याच काळाने माझ्या नवऱ्याने, प्रकाशने सांगितलं. त्यानेही ते अर्धवटच ऐकलं होतं. ‘निगेटिव्ह’ म्हटल्यावर आम्ही दोघं इतके खूश झालो, की पार्किंगमध्ये येईपर्यंत रात्रीच्या जेवणाचं काय, यावर बोलायला लागलो होतो.

हे लिहिताना मला लाज वाटते आहे. पडले याची वाटते, ती थोडी. त्या एका शब्दाच्या आड मी कित्येक आठवडे लपून बसले, त्याची खूप वाटते. तरी लिहिते, कारण डोक्याला मार लागल्यावर आता रक्ताची ही टेस्ट बऱ्याच ठिकाणी होऊ लागली आहे, आणि तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखं वेड्यासारखं वागू नये.

मी वैशाली, आम्ही आखातात राहतो. प्रकाश सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघतो, आणि माझं मुहैस्नाहमध्ये छोटं किचन आहे. आजूबाजूच्या लेबर कॅम्पमधल्या मराठी माणसांना आमचा दोन वेळचा डबा जातो. बहुतेक सगळे रायगड, रत्नागिरीकडचे, घरदार मागे ठेवून साइटवर राबणारे. सणासुदीला फॅमिलीवाल्यांच्या ऑर्डरी असतात. मदतीला सुनीता आहे, नेपाळची, कापणं-धुणं-भरणं बघते. बाकी सगळं मी करते, म्हणजे तेव्हा करत होते.

गणपतीच्या दिवसांत उकडीच्या मोदकांची मोठी ऑर्डर होती. मोदक अप्रतिम झाले होते. माझ्या तोंडून हे शोभत नाही, पण झाले होते. टेबलभर ट्रे मांडले आणि स्टेटसला टाकायला फोटो काढायला गेले. सगळे ट्रे काही फ्रेममध्ये मावेनात. एक पाऊल मागे गेले. आणखी एक. मागे तेलाचा डबा होता.

मी सरळ पाठीवर पडले आणि डोक्याची मागची बाजू आधी सिंकच्या कडेवर, मग फरशीवर आपटली. त्यानंतरचं सगळं मी सुनीताकडून ऐकलंय. डोळे उघडे होते म्हणे, पण मी उत्तर देत नव्हते. मग उत्तर द्यायला लागले तर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते, फोटो नीट आला का? प्रकाश आला तेव्हा त्यालाही मी तेच विचारलं.

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आमच्या शेजारच्या खाटेवर साइटवरून आणलेला एक माणूस होता, पायाला प्लास्टर घालत होते. पलीकडे बाइकवरून पडलेला डिलिव्हरीवाला. नर्सने मला विचारलं, कशा पडलात? मी म्हटलं, काम करताना. मोदकांच्या फोटोचं सांगायची हिंमत झाली नाही. लाजेची सुरुवात तिथेच झाली असं आता वाटतं. खरं सांगण्याऐवजी बरं दिसेल ते सांगायचं, हे पहिल्या प्रश्नापासूनच सुरू झालं.

टेस्टबद्दल सांगते, कारण ती नीट समजून घेण्यासारखी आहे. डॉक्टर मॅडम केरळच्या होत्या, हिंदी-इंग्रजी मिसळून छान समजावून सांगायच्या. पूर्वी डोक्याला मार लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं सीटी स्कॅन व्हायचं, आणि त्यातल्या बहुतेकांच्या स्कॅनमध्ये काहीच निघायचं नाही. आता मार लागून चोवीस तास झाले नसतील आणि पेशंट शुद्धीवर असेल, तर आधी दंडातून रक्त घेतात आणि त्यात दोन बायोमार्कर बघतात. बायोमार्कर म्हणजे शरीरात काय घडलंय याची रक्तात सापडणारी खूण. एकाचं नाव जीएफएपी. मेंदूत मज्जापेशींना आधार देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांच्यातलं हे प्रोटीन. दुसरं यूसीएच-एल-वन, ते खुद्द मज्जापेशींमधलं. मेंदूला जखम झाली की ही प्रोटीन्स पाझरून रक्तात उतरतात. कुकरच्या रिंगेतून गळायला लागलं की ओट्यावर पाणी दिसतं, तसं मी ते समजून घेतलं. दोन्हींचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेच्या खाली असेल, तर आत रक्तस्राव असण्याची शक्यता फारच कमी, मग स्कॅन टळतं आणि स्कॅनचं रेडिएशनही टळतं.

थोड्याच वेळात मशीनने उत्तर दिलं. माझी दोन्ही प्रोटीन्स मर्यादेच्या खाली होती.

आता आखातात राहणाऱ्या आमच्यासारख्यांची एक सवय सांगते. गावी फक्त चांगली बातमी कळवायची. ताप आला तर उतरल्यावर सांगायचं, नोकरी गेली तर दुसरी लागल्यावर. तिकडून कुणी येऊ शकत नाही, मग काळजी कशाला लावा, असा सगळा हिशेब असतो. त्यामुळे मी पडले हे घरी कळवायचंच नव्हतं. पण रिपोर्ट चांगला आला म्हटल्यावर ती चांगली बातमी झाली. प्रकाशने गाडीत बसल्या बसल्या फॅमिली ग्रुपवर टाकलं, ‘वैशाली किचनमध्ये पडली होती. मेंदूची ब्लड टेस्ट केली. एकदम क्लिअर.’ धाकट्या दिरांनी लगेच लिहिलं, ‘वहिनींना मेंदू आहे हे मशीनने सिद्ध केलं तर!’ सासूबाईंनी गणपतीला एकवीस दूर्वा वाहिल्याचं कळवलं. सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली. प्रकरण मिटलं.

पहिले दोन दिवस मी पडून होते. डोकं दुखायचं, ट्यूबलाइट सहन व्हायची नाही, मिक्सरचा आवाज कानात खिळा ठोकल्यासारखा वाटायचा. मग ऑर्डरी होत्या म्हणून किचनला गेले. तेल तापवलं, मोहरी तडतडली, हिंग टाकला. काहीच आलं नाही. मी डबीतला हिंग हातावर घेतला आणि नाकाशी नेला. पिवळी पावडर, बस. वाटलं सर्दी झाली असेल. पण नाक तर अगदी मोकळं होतं.

घरी येऊन अगरबत्ती लावली, ती धुपाची कांडी नुसती धूर सोडत राहिली. ईशाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या खोलीत गेले. ती नववीत आहे, आणि तिच्या डिओड्रंटने एरवी लिफ्टमधली माणसंसुद्धा मागे सरकतात. तिथेही काही नाही.

जिभेला खारट, आंबट, तिखट कळत होतं. पण डोळे मिटून खाल्लं तर आमटी कुठली आणि सांबार कुठलं हे सांगता येत नव्हतं.

मी प्रकाशला सांगितलं, एकदाच, आणि तेही सहज सांगितल्यासारखं. वास नीट येत नाहीये रे. तो लॅपटॉपमधून मान वर करून म्हणाला, “अगं, रिपोर्ट क्लिअर आहे ना? उगाच मनात आणू नकोस.” ईशा म्हणाली, “आई, इट्स प्रॉबॅबली स्ट्रेस. युअर टेस्ट वॉज निगेटिव्ह.” दोघांच्याही बोलण्यात वाईट काही नव्हतं. माझं बरं असावं असंच त्यांना वाटत होतं. आणि मलाही वाटत होतं. मशीनने सांगितलंय काही झालं नाही, म्हणजे काही झालेलं नसणार. मग हे जे चाललंय ते आपलंच नाटक. कामाचा कंटाळा आलाय, कौतुक करून घ्यायचंय. रक्त काही खोटं बोलत नाही, खोटं बोलत असू तर आपणच. मी स्वतःला असं बरंच काही बोलले. दुसऱ्या कुणी मला इतकं लागट बोललं असतं तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं.

शिवाय धंद्याची अब्रू होती. आमच्या लाइनीत माझ्या नाकाचा दरारा होता. उम्म अल कुवैनहून मासे घेऊन येणारे युसुफभाई माल उतरवायच्या आधीच म्हणायचे, “भाभी, पहले आप नाक लगाओ, बाद में बात करेंगे.” बांगड्याचे कल्ले उघडून मी एकदा वास घेतला की हो किंवा नाही. आज दूध कितीला तापवलं होतं, वाटण काल दुपारचं आहे की संध्याकाळचं, हे मी नाकाने सांगायचे. अशा बाईने कुणाला कसं सांगायचं, की माझं नाक आता चष्मा टेकवायच्या कामाचं राहिलंय?

म्हणून मी नाटक सुरू केलं. आधी खोट्याखोट्या आजाराचं नाटक करतेय असं वाटत होतं, आता बरं असल्याचं खरंखुरं नाटक करू लागले. युसुफभाई आले की मासा उचलायचा, नाकाशी न्यायचा, कपाळाला थोडी आठी घालायची, मग मान हलवायची. फोडणी रंगावरून ओळखायची. दूध फाटलं की दिसतंच. आमटी दोन-तीनदा खाली लागली आणि मला कळलं नाही, मी डबे भरून पाठवून दिले. कुणाची तक्रार आली नाही. मला वाटलं, जमतंय की.

एकदा गॅसचं बटण अर्धवट चालू राहिलं. सुनीता मागच्या दारातून भांडी घेऊन आली ती तशीच धावत जाऊन तिने बटण बंद केलं, दारं उघडली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी शेगडीपासून दोन हातांवर कांदा चिरत उभी होते. “अरे, ध्यान नहीं रहा,” म्हणून मी हसले. त्या दिवशी तरी मी बोलायला हवं होतं. ते हसू आठवलं की अजून मान खाली जाते.

मग कोळंबीचा दिवस आला.

डबा घेणाऱ्यांना आठवड्यातून एकदा मासे लागतात. मासे नसतील तर बाकीचा आठवडा ते गुपचूप खातात, पण तोंडं लहान होतात. त्या दिवशी युसुफभाईंची गाडी वाटेत बंद पडली होती, ते उशिरा आले. कोळंबीवर बर्फ होता, डोळ्यांना माल ठीक दिसत होता. मी पिशवी उघडली, ओंजळभर उचलली, नाकाशी नेली, आठी घातली, मान हलवली.

सुनीता सोलायला बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “दीदी, ये थोड़ा स्मेल कर रहा है.”

मी म्हटलं, “मैंने देखा है ना? तू अपना काम कर.”

मी तिच्याशी त्या सुरात कधी बोलत नाही. ती सोलत राहिली. मी लसूण जरा जास्त घातला, कोकम घातलं, डबे भरले, गाडी गेली.

दुपारी कॅम्पमधून फोन आला. पाच-सहा जणांना उलट्या सुरू झाल्या होत्या. शिर्केकाकांना जवळच्या क्लिनिकमध्ये नेऊन सलाइन लावलं होतं.

शिर्केकाका गुहागरकडचे. इमारतींच्या परांच्या बांधण्यात आयुष्य गेलं, आता कायमचे गावी परत जायचे बेत चालू आहेत. मी मेस सुरू केली तेव्हापासून आमच्याकडे जेवतात. मी टॅक्सी केली आणि क्लिनिकला पोचले. आधी तिथल्या डॉक्टरांना सांगितलं, सगळ्यांनी माझ्या डब्यातली कोळंबी खाल्ली आहे. मग काकांकडे गेले. चेहरा पांढरा पडला होता. मला बघून ते उठून बसायला लागले.

“वहिनी, एवढ्या उन्हात तुम्ही कशाला आलात?” ते म्हणाले. “माझंच पोट हल्ली हलकं झालंय. वयाचं असतं.”

मी तिथे रडायला नको होतं, पण रडले. हा माणूस माझ्या हातचं खाऊन सलाइनवर पडला होता आणि मला लाज वाटू नये म्हणून स्वतःच्या पोटाला दोष देत होता.

“काका, कोळंबी खराब होती,” मी म्हटलं. “मला वास येत नाही. पडले तेव्हापासून काही वास येत नाही.”

हे वाक्य मी पहिल्यांदा सरळ, पूर्ण, मोठ्याने बोलले, आणि तेसुद्धा नवऱ्याशी नाही, डॉक्टरशी नाही.

काका पुन्हा उशीला टेकले. मग म्हणाले, “आमच्यात बोलणं झालं होतं, वहिनी. आमटीला करपट वास यायचा मधे मधे. पोरं म्हणाली, वहिनींना सांगूया. मीच नको म्हटलं. डोक्याला लागलेलं माणूस, कशाला बोलायचं. आणि रोज तुमच्या हातचं खाऊन तुम्हालाच नावं ठेवायची?”

म्हणजे मी त्यांच्यापासून लपवत होते, आणि ते मला वाईट वाटेल म्हणून माझ्यापासून लपवत होते. इकडचा आमचा सगळा समाज असाच चालतो, चांगलंच सांगायचं, चांगलंच ऐकायचं. त्याची किंमत त्या दिवशी पाच-सहा रिकाम्या पोटांनी दिली. दोन-तीन दिवसांत सगळे बरे झाले. त्याबद्दल मी देवाचे आणि त्या क्लिनिकचे आभार मानते. यात माझं कर्तृत्व काही नाही.

मी किचन बंद ठेवलं आणि प्रकाशला घेऊन पुन्हा हॉस्पिटलला गेले. वाटेत त्याला सगळं सांगितलं, हसण्याचं, नाटकाचं, गॅसचं. तो गाडी चालवत होता. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, “मला तू सांगितलं होतंस. मी रिपोर्टचं ऐकलं.” एवढंच.

न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंचे डॉक्टर, लेबनॉनचे होते, वयस्क आणि अतिशय शांत. मी त्यांना सांगितलं, ती रक्ताची टेस्ट पुन्हा करा. खरं सांगते, या वेळी ती पॉझिटिव्ह यावी असं मला मनापासून वाटत होतं. आपल्या मेंदूला इजा निघावी म्हणून कुणी प्रार्थना करतं का? मी करत होते. काहीतरी हातात पडलं असतं, की बघा, मी खोटं बोलत नव्हते.

डॉक्टर म्हणाले, त्या टेस्टची वेळ केव्हाच निघून गेली. ती पहिल्या चोवीस तासांतल्या एकाच प्रश्नाचं उत्तर देते. स्कॅन करायला हवं का? तुमचं उत्तर होतं, नको. ते उत्तर बरोबरच होतं. “पण त्या टेस्टला कुणी हे विचारलंच नव्हतं, की तुम्हाला काही झालंय का?”

त्यांनी एमआरआय करायला सांगितला. त्यातही विशेष काही निघालं नाही. माझा चेहरा पडला. मग त्यांच्या शेजारच्या खोलीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी वासाची तपासणी केली. डोळे मिटायचे, एकेक बाटली नाकाखाली येणार, काय कळतंय ते सांगायचं. कॉफी, साबण, लिंबू, दालचिनी. काही नाही, काही नाही, काही नाही. मग एक बाटली आली आणि नाकात एकदम झणझणलं, डोळ्यांत पाणी आलं.

वाटलं, झालं, आता पकडले गेले. हो म्हटलं तर म्हणतील, येतोय की वास, मग इतका वेळ काय चाललं होतं? ‘काही नाही’ असं म्हणायला माझी जीभ उचललीही होती. इतके आठवडे तेच तर केलं होतं, समोरच्याला जे पटेल ते सांगायचं. पण सलाइनवरचे शिर्केकाका डोळ्यांसमोर आले आणि मी म्हटलं, “वास नाही आला. पण झोंबलं.”

डॉक्टर हसले. त्यांनी सांगितलं, तो अमोनिया होता. झोंबण्याची जाणीव वेगळ्या नसेतून जाते, वासाच्या नाही. ज्यांचा वास खरोखर गेलेला असतो, त्यांनाही अमोनिया झोंबतोच. नाटक करणारी माणसं मात्र घाईघाईने सांगतात, काही कळलं नाही. “तुम्ही खरं सांगितलंत, आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.”

त्या खुर्चीत मी किती वेळ रडले ते विचारू नका. प्रकाश बाहेरून आत आला, त्याला वाटलं काहीतरी भयंकर निघालं.

निघालं होतं ते असं. याला अ‍ॅनॉस्मिया म्हणतात, म्हणजे वास न येणं. नाकाच्या वर, कपाळाच्या मागे चाळणीसारखं एक हाड असतं. त्याच्या बारीक भोकांतून वासाचे धागे मेंदूत जातात. माणूस मागे पडला की मेंदू आतल्या आत पुढे-मागे हिंदकळतो आणि ते धागे ताणले जातात, तुटतात. एवढ्याशा धाग्यांची ही इजा त्या रक्ताच्या टेस्टमध्ये पकडली जाईलच असं नाही, स्कॅनमध्ये दिसेलच असं नाही. काहींचा वास वर्षभरात थोडाफार परत येतो, काहींचा येत नाही. आत्ताच काही सांगता येत नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. उपाय म्हणून वासाचा व्यायाम दिला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, हे चार वास सकाळ-संध्याकाळ लक्ष देऊन घ्यायचे आणि ते कसे होते ते आठवायचा प्रयत्न करायचा. न येणाऱ्या वासाचा रियाज.

आता किचनचं काय? मेस बंद करायची माझी तयारी होती. प्रकाश म्हणाला, ऑफिसला जायच्या आधी मी येऊन मासे हुंगत जाईन. प्रकाश वाईकडचा, जन्मात मासा न खाल्लेला. युसुफभाईंच्या गाडीपाशी नाकाला रुमाल लावून उभा राहिला. रुमाल काढ म्हटल्यावर काढला, कोळंबीच्या पिशवीत वाकला आणि डोळे फिरवत मागे आला. मी विचारलं, चांगली आहे की वाईट? म्हणाला, “वैशाली, मला तर सगळीच वाईट वाटतेय.” त्याची बिचाऱ्याची तयारी होती, पण त्याला ताज्या आणि सडक्यातलं काही कळणं शक्य नव्हतं.

ज्याला कळत होतं ते माणूस रोज माझ्या शेजारी कांदे चिरत होतं. तिला विचारायचं मी टाळत होते, कारण विचारायच्या आधी माफी मागावी लागली असती. मी पगार देते, मी मोठी, मी दीदी. ‘तू अपना काम कर’ म्हणालेली मीच.

एका सकाळी मी चुलीकडे तोंड करून सुरुवात केली, मग वळले. म्हटलं, “सुनीता, उस दिन तू सही थी. मैंने तुझे चुप करा दिया. मुझे स्मेल नहीं आता.”

ती चिरत राहिली. मग सुरी खाली ठेवून म्हणाली, “दीदी, मुझे मालूम था. आप नाक पास लेकर जाते थे, पर साँस नहीं लेते थे.”

म्हणजे माझं नाटक तिने पहिल्या दिवसापासून पाहिलं होतं. मी तिला विचारलं, मग त्या दिवशी जोर करून का नाही बोललीस? ती म्हणाली, बोलले होते ना. मी तिचा हात धरला, तिने कांद्याचा हात म्हणून तो मागे घेतला.

डबा घेणाऱ्यांना मी स्वतः कॅम्पच्या दारात जाऊन सांगितलं, काय झालंय आणि यापुढे वास कोण बघणार. दोघांनी मेस सोडली. त्यांचं काही चुकलं नाही. ईशाने किचनमध्ये गॅस गळतीचा अलार्म बसवून घेतला आणि मला बिलगून इंग्रजीतच सॉरी म्हणाली. गावी फोन करून सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्या आधी चिडल्या आणि मग बराच वेळ हिंगाच्या वासाबद्दल बोलत राहिल्या.

तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या डोक्याला मार लागला आणि ही टेस्ट झाली, तर ती जरूर करून घ्या. चांगली टेस्ट आहे, मला तिच्याबद्दल काही तक्रार नाही. फक्त निगेटिव्ह आली की विचारा, कशासाठी निगेटिव्ह? डॉक्टरांचं दुसरं वाक्य ऐका. आणि घरातलं माणूस म्हणालं की मला काहीतरी वेगळं होतंय, तर त्याला रिपोर्ट दाखवू नका.

आता बरेच महिने झाले. लवंग थोडी येते, म्हणजे येते असं मला वाटतं. कॉफी येते ती जळक्या रबरासारखी. डॉक्टर म्हणतात, हे चांगलं लक्षण आहे, धागे चुकीचे का होईना जोडले जात आहेत. मी रोज चार बाटल्या हुंगते.

गेल्या आठवड्यात युसुफभाई कोळंबी घेऊन आले. सुनीताने पिशवी उघडली, वास घेतला आणि ती बंद करून त्यांच्याकडे सरकवली. युसुफभाई तिच्याशी बोललेच नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, “भाभी, आप देखो ना. आप बोलो.” इतकी वर्षं त्यांनी माझ्या नाकाला मान दिला होता, आणि माल परत करायची वेळ तोवर आली नव्हती, म्हणून त्यांना सांगायचं तेवढं राहिलं होतं. मी म्हटलं, मला आता वास येत नाही, युसुफभाई, ही सांगते तेच. ते माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी पिशवी उचलून गाडीत ठेवली. त्या दिवशी डब्यात अंडा रस्सा गेला. शिर्केकाकांनी फोन करून कोळंबीचं विचारलं, तेव्हा त्यांनाही सांगितलं, सुनीताने परत पाठवली.

ती पिशवी गाडीत जायच्या आधी मी एकदा हातात घेतली होती. तोंड उघडून नाकाशी धरली आणि या वेळी अगदी खोल श्वास घेतला. मला काहीच वास आला नाही.